मॅडमनी मोडलेलं ड्रिलचं बिट

मंडळी, आज सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका शाळेचे शिक्षक ड्रिल मशीन शिकायला आले होते. पुढच्या महिन्यापासून त्यांना हेच मुलांना शिकवायचंय.

बाकीचे वहीत लिहून घेत होते. एका मॅडमनी मात्र मशीन हातात घेतलं. जरा वेळानं ‘कट्’ असा आवाज कानावर आला. वळून पाहिलं, तर मॅडम मोडकं बिट, म्हणजे भोक पाडायचं पुढचं टोक, गुपचूप पर्समध्ये टाकत होत्या.

म्हटलं, "मॅडम, पहिलं बिट मोडणाऱ्याला आम्ही इथं चहा पाजतो."

त्या हसल्या नाहीत. "शाळेत काही मोडलं की खुलासा लिहून द्यावा लागतो, भाऊ. म्हणून आमची अवजारांची पेटी आली तशी कपाटात कुलपात आहे."

चहा झाला. निघताना म्हणाल्या, "हे बिट नेऊ का? मुलांना दाखवते, माझ्याच हातून मोडलं म्हणून."

मुख्याध्यापक मंडळी, तुमच्या पेटीतलं एखादं बिट मोडलं तर चालेल ना?