उजव्या खांद्यावरचा पदर

जवसाच्या तेलाचा वास आला की मला बेलापूरच्या घरातली ती दुपार आठवते. लढाईची वर्षं होती, थोरले दीर नोकरीपायी नगरला असत, आणि रंगात कालवलेल्या त्याच तेलाच्या वासाचा माग काढत सासूबाईंनी मोठ्या जाऊबाईंच्या पलंगामागून एक चित्र बाहेर ओढलं. चित्रात जाऊबाईच होत्या, सतार घेऊन बसलेल्या. "मीच काढलंय," त्या म्हणाल्या. "स्वतःचं तोंड स्वतःला दिसतं का गं? समोर कोण बसलं होतं ते सांग," सासूबाई म्हणाल्या. जाऊबाईंचा रंगातला हात मला ठाऊक होता, तरी माझ्याही मनात पाल चुकचुकली, कारण चित्रातला पदर उजव्या खांद्यावर होता. सासूबाईंनीही तेच हेरलं. "आपल्यात असा पदर कोण घेतं? काढणारा कुणी परका आहे." जाऊबाईंनी माहेरून आणलेला मोठा आरसा उचलला आणि चित्रासमोर धरला. आरशात पदर डाव्या खांद्यावर आला, सतार छेडणारा डावा हात उजवा झाला. "हा बसला होता समोर," त्या म्हणाल्या. सासूबाई बराच वेळ आरशात बघत राहिल्या. "म्हणजे दार लावून स्वतःलाच निरखत होतीस? कुणासाठी?" असं म्हणत त्यांनी आरसा काढून घेतला, आपल्या ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. जाऊबाईंनी त्यानंतर चित्र काढलं नाही. ते एकच आता माझ्या भिंतीवर आहे. येणारे विचारतात, कुणाचं? मी सांगते, आमच्या थोरल्या जाऊबाईंचं. तर म्हणतात, "ते कळलं हो, पण काढलं कुणी?"