हाताने फिरवायची लेन्स

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या बागेत एक काका रोज सकाळी बायकोला घेऊन येतात. काकूंना आता माणसं ओळखू येत नाहीत. ते त्यांना बाकावर बसवतात, शर्टाच्या टोकाने स्वतःचा चष्मा पुसतात आणि त्यांचे फोटो काढायला लागतात. मिररलेस कॅमेरा नवाकोरा, मुलीने दिलेला. त्यावर त्यांनी लग्नाआधीची जुनी लेन्स बसवलीय. तिची रिंग हाताने फिरवून फोकस लावावा लागतो.

मी एकदा म्हटलं, "काका, ऑटोफोकसची लेन्स घ्या की. टेन्शनच नाही, एका सेकंदात फोटो."

"तेच नको ना," ते म्हणाले. "फोटो निघाला की ही तोंड फिरवते. फोकस लावेपर्यंत तरी माझ्याकडे बघते."

काल मी त्यांच्या मागेच उभा होतो. स्क्रीनवर काकूंचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता, पापण्यासुद्धा. काकांनी रिंग थोडी पुढे नेली, तसा चेहरा धूसर झाला. मग मागे आणली, आणि परत पुढे नेली.

"भाऊ, झाला का फोटो?" काकूंनी विचारलं.

"नाही हो," काका परक्या माणसाच्या अदबीने म्हणाले. "अजून जरा बघा इकडे."