न हसणाऱ्या विहिणीचा व्यायाम

मंगळवार, संक्रांत होऊन आठवडा झालेला. साल १९८१. स्थळ: वर्ध्याकडच्या सेलूच्या बाजूच्या एका गावातली शाळा, पोरं सुटल्यानंतर. हजर: मी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची लेडी हेल्थ व्हिजिटर, गावच्या बाया, खोली भरेल एवढ्या, सगळ्यांत पुढे पार्बताबाई, आणि सगळ्यांत मागे, दाराच्या चौकटीला धरून उभी, त्यांची सून कौसल्याबाई. गैरहजर: आमचे मेडिकल ऑफिसर साहेब. विषय ऐकल्याबरोबर त्यांना सेलूला तातडीचं काम आठवलं होतं.

विषय होता ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. हे सैल पडले की खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना लघवी सुटते. फारच सैल पडले तर अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते. माझ्या भागातल्या कितीतरी बायांना हा त्रास होता आणि एकीनेही आपण होऊन सांगितला नव्हता.

कार्यक्रमाला मी सभा म्हटलं नव्हतं. त्या काळात नर्सबाईने सभा बोलावली की बाया समजायच्या, नसबंदीच्या ऑपरेशनच्या टार्गेटसाठी धरून नेतात. मग गाव रिकामं आणि कापसाच्या वावरात गर्दी. म्हणून मी हळदीकुंकू ठेवलं. हळद, कुंकू, तिळगूळ, आणि वाण म्हणून एकेक साबणाची वडी. वाण म्हटल्यावर कोणी घरी राहत नाही.

तिळगूळ वाटून झाल्यावर मी सुरुवात केली. "घरची बाज डोळ्यांपुढे आणा. नवी असते तेव्हा कशी ताठ असते. मग तिच्यावर वर्षानुवर्षं माणसं बसतात, पोरं उड्या मारतात, ज्वारीचं पोतं ठेवतात. काय होतं?"

"झोलते," सगळ्या म्हणाल्या.

"आपल्या पोटाच्या तळाशी अशीच एक विणलेली बाज आहे. तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी, शौचाची जागा, सगळं टेकलेलं असतं. लागोपाठ बाळंतपणं झाली, कळा यायच्या आधीच जोर करायला लावला, बाळंतिणीने लगेच पाण्याच्या भरल्या गुंड्या उचलल्या, जुना खोकला असला, शौचाला रोज कुंथावं लागलं, की ती झोलते. पाळी गेल्यावर आणखी. बाज झोलली म्हणून आपण फेकतो का?"

"पायताची दोरी वढून कसतो!" एक म्हणाली. "पन बाई, आमच्या घरची तं इतकी झोलली, का बुढा निजला तं जमिनीले लागते. निजते बाजीवर, अन् उठते जमिनीवरून!"

खोली हसून लोटपोट झाली. कौसल्याबाई तेवढी हसली नाही. ओठ घट्ट मिटले, भिंतीवरच्या पाढ्यांकडे पाहिलं आणि एकदम बाहेर निघून गेली.

"पाह्यलं का?" पार्बताबाई मला म्हणाल्या. "असाच माज करते. मंदीच्या साक्षगंधाले रोहन्याची विहीन इतकी हसवून राह्यली, आन् हे आपली दगडावानी. मंधातच उठून गेली! विहिनीनं निरोप धाडला, म्हने आमाले हासतं घर पाह्यजे, वैशाखापावतर पाहू, नाई तं दुसरी सोयरीक पाहू. नातीचं लग्न मोडते का आता हिच्यापायी?"

मी चकित झाले. मी त्या गावाला नवीन जाऊ लागले तेव्हा विहिरीवरचं कौसल्याबाईचं हसणं शाळेत ऐकू यायचं. असं हसणं आपोआप बंद पडत नाही.

शाळेमागे ती भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, "हसलं की सुटते का?"

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. "तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणीच नाही. खोकल्यावर होतं का?"

"खोकल्याले दाबता येते वो बाई. हासू नाई दाबता येत. मंगल्याच्या पाठीवर पाचवं झालं तवापासून हाय. साक्षगंधाच्या दिवशी थे विहीन एकावर एक सांगून राह्यली. मी पोरीचं लगन पाहू का लुगडं पाहू? उठून आली." मग म्हणाली, "सासूले नका सांगजो. माज म्हनते तं म्हनू द्या. माज बरा." मी कबूल केलं.

लग्न वैशाखात होतं. हे स्नायू कसायला साधारण तीन महिने लागतात. हिशेब जेमतेम जुळत होता. मी तिची लघवी तपासायला नेली, साखर नाही, जंतू नाहीत याची खात्री केली आणि व्यायाम समजावला. लघवी किंवा वारा अडवताना जे आत ओढतो तेच ओढायचं, वर उचलल्यासारखं. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. श्वास कोंडायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक, खोकला, ओझं किंवा हसू येणार असं वाटलं की आधी कसायचं. बाकीच्या बायांनाही मी हेच शिकवून परतले. काम फत्ते, असं मला वाटलं.

तीन-चार आठवड्यांनी साहेबांनी बोलावलं.

"सिस्टर, युरिनच्या जळजळीच्या केसेस वाढल्यात. सगळ्या एकाच गावच्या."

"पाणी खराब असेल, साहेब."

"पाणी फक्त मंगळवारी खराब होतं का? सगळ्या बुधवारी येतात."

मी सायकल काढली. दिवस मंगळवारच होता. गावात शिरले तर बाया ओट्यांवर, उंबऱ्यांवर गुपचूप बसलेल्या. कोणी बोलेना. चेहरे असे, जणू प्रत्येकीच्या पायावर जात्याचा दगड ठेवलाय. पार्बताबाईंनी मला खुणेने बसवलं. पाणी दिलं, स्वतः घेतलं नाही. दिवेलागण झाली तशा सगळ्या एकदम उठल्या आणि गावाबाहेर धावल्या. परत आल्यावर गूळखोबरं वाटलं आणि मगच तोंडं उघडली.

"हे काय चाललंय?"

"काऊन? तुमीच सांगतलं ना व्रत," पार्बताबाई म्हणाल्या. "मंगयवारी उपास, मौन, आन् सकायपासून संध्याकायपावतर कसून ठेवाचं. लघवीले जाचं नाई. गेली तं तिचा मंगयवार फुकट."

"अहो, व्रत कोणी सांगितलं? तो व्यायाम होता!"

"हयदकुकू लावलं, तिळगूळ देल्ला, वान देल्लं, आन् मंग सांगतलं. मंग व्रत नाई तं काय वो?"

कोपऱ्यातल्या देवघरात माझी साबणाची वडी हळदकुंकू लावून ठेवलेली होती. वाणाची वडी कोणाच्याच घरी वापरलेली नव्हती. एकीने विचारलं, साबणाचं विसर्जन करायचं का.

दिवसभर लघवी अडवली की जंतू वाढतात आणि स्नायूही नुसते थकतात. हे समजावून मी व्रत बंद करणार होते. पण मग विचार केला. नुसता व्यायाम सांगितला असता तर दुसऱ्या आठवड्यात कोणालाही आठवला नसता. इथे अख्खं गाव न चुकता करतंय. चूक फक्त नियमांची आहे. तेव्हा नियम बदलू.

"पार्बताबाई, व्रत मी सांगितलं ना? मग नियम माझ्याकडूनच घ्या. हे रोज करायचं. सकाळी, दुपारी, निजताना."

"उपास?"

"चालत नाही. भाकर, पालेभाजी, आणि भरपूर पाणी. शौचाला कुंथावं लागलं की बाज पुन्हा झोलते."

"मौन?"

"तेही नाही. कसलेलं असताना बोलता आलं पाहिजे. बोलता येतंय म्हणजे श्वास कोंडलेला नाही."

"आन् लघवी?"

"लागली की जायचं. अडवली तर व्रत मोडलं."

पार्बताबाईंचा चेहरा उतरला. "मंग यात कठीन काय हाय? कठीन नाई तं फळ कायचं?"

"कठीण आहे. व्रत असेपर्यंत बाईने डोक्यावर भरली गुंडी घ्यायची नाही. पाणी नवऱ्याने आणायचं."

बायांची नजर विहिरीकडे गेली.

"हे मात्र कठीन हाय," पार्बताबाई पूर्ण समाधानाने म्हणाल्या.

कौसल्याबाईचे यजमान महादेवराव दुसऱ्या दिवशी केंद्रावर आले. "बाई, व्रत मोडलं तं कोनाले बाधते?"

"मला माहीत नाही. मोडून पाहायचं असेल तर पाहा."

त्यांनी पाहिलं नाही. त्या आठवड्यापासून विहिरीवर पुरुषांची रांग लागली. साहेब जीपमधून जाताना ते दृश्य पाहून थांबले.

"सिस्टर, हे सायंटिफिक नाही."

"बुधवारच्या केसेस किती आहेत, साहेब?"

"एकही नाही."

"मग राहू द्या."

नियम पाळूनही दोघींना उतार पडेना. त्यांचं अंग बाहेर येत होतं. तिथे नुसता व्यायाम पुरत नाही. त्यांना मी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एकीचं ऑपरेशन झालं. दुसरीला रिंग बसवली. ही रिंग आतून गर्भपिशवीला टेकू देते, ठरल्या वेळी काढून धुवावी लागते. ही दुसरी खुद्द पार्बताबाई. कितीतरी वर्षं त्या तशाच वावरात जात होत्या. एस.टी.त माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "कौसलीलेबी असंच होते काय? म्हनून हासत नाई काय?" मी वचनाला बांधलेली होते. खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यानंतर माज हा शब्द त्या घरात ऐकू आला नाही.

वैशाखात लग्न लागलं. मला आमंत्रण होतं. दुपारी विहिणीची पंगत बसली. रोहण्याच्या गयाबाई मधोमध, समोर वाढायला कौसल्याबाई, आणि सगळ्या मांडवाचं लक्ष तिच्या तोंडाकडे. गयाबाईंनी पहिलाच घास घेऊन सुरुवात केली.

"आमच्या घरचे बुवा बैल घ्याले आर्वीच्या बाजारात गेलते. आले तं हातात नुसती घंटी! म्हनते, बैल पुढच्या साली घेऊ, आवाज तं सुरू झाला!"

मांडव हसला. कौसल्याबाई हातात बुंदीचं ताट धरून उभी, चेहरा गंभीर. गयाबाईंचा घास थांबला. माझाही. मग कौसल्याबाईने मान जराशी वर केली आणि हसली. ते विहिरीवरचं जुनं हसणं. बाहेरचे बँडवाले वळून पाहू लागले.

"विहीनबाई," गयाबाई म्हणाल्या, "तुमचं हासू बैलगाडीनं येते काय? सगळ्याईचं होऊन गेलं ना!"

"घंटी तुमच्या घरी पोचली ना बाप्पा," कौसल्याबाई म्हणाली. "बैल मांगून येऊन राह्यला!"

आता गयाबाई हसल्या. पोट धरून हसल्या. आणि मधेच थांबल्या. गुडघे आवळले, ओठ घट्ट मिटले, "पानी पिऊन येतो" म्हणून उठल्या. पाण्याचा तांब्या समोरच होता.

त्या चेहऱ्याची मला ओळख होती. मी मांडवामागे गेले. त्या लुगड्याचा घोळ सारखा करत होत्या.

"बाई, तुमच्या गावचं थे काय व्रत हाय म्हनते?" त्या हळूच म्हणाल्या. "मी सोता कवाच हासत नाई. म्हनून तं दुसऱ्याईले हासवतो. सांगनाऱ्याले हासा लागत नाई ना. आज या बयेनं धरलं मले."

तिथेच, आचाऱ्यांच्या चुलीशेजारी, मी त्यांना नियम सांगितले. व्रत रोहण्याला पोचलं.

व्यायाम सांगितला तर बाया विसरतात, व्रत सांगितलं तर पाळतात, हे मी या प्रकरणातून शिकले. पण व्रत सांगणाऱ्याने त्याचा शेवट आधी ठरवून ठेवावा. तो मी ठरवला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पार्बताबाईंनी विचारलं, उद्यापन कधी करायचं? मी म्हटलं, याला उद्यापन नाही, हे जन्मभर करायचं, सोडलं की बाज परत झोलते. त्या म्हणाल्या, "बिना उद्यापनाचं व्रत नसते वो बाई. पुरनपोळी तं झालीच पाह्यजे." मी वेळ मारून नेली. पुढच्या संक्रांतीला बघू म्हटलं. संक्रांतीच्या आत माझी बदली झाली.

आता मी सिंदी मेघेला राहते. परवा वर्ध्याच्या स्टँडवर मंदा भेटली, कडेवर एक आणि बोटाला एक. आजी ठणठणीत आहे, आई हसते, सासूही हसते, पाणी आपला नवराच आणतो, असं सगळं सांगून झालं. बस लागली. ती चढली आणि खिडकीतून ओरडली, "बाई, दोनी गावच्या बाया इचारून राह्यल्या, उद्यापन कवा?"

घरी येऊन मी कामांच्या यादीत लिहिलं: उद्यापन, दोन्ही गावं मिळून, पुरणपोळी. पुढे खूण करायची जागा अजून मोकळी आहे.