int हा क्लासच आहे

मेडशीहून सकाळच्या एसटीने मी वाशिमला कॉलेजात जायची. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून लॅब उघडायच्या आधीच दाराशी उभी असायची. पायथन शिकवणारे सर आमच्याच भागातले. एकदा ते म्हणाले, "कंस लावून बोलावता येते म्हनून सगळंच फंक्शन समजू नका. len मोजून आकडा देते, ते फंक्शन. int नवी संख्या घडवते, तो क्लास, म्हंजे वस्तू घडवाचा साचा. माह्यावर भरोसा नसन तं मशीनले इचारा."

मी विचारलं. कंस न लावता len लिहून एंटर दाबलं, 'बिल्ट-इन फंक्शन' आलं. int लिहिलं, 'क्लास' आलं. मला ते फार आवडलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचा परीक्षक आला. शेजारी आमचे सर बसले होते. परीक्षकाने विचारलं, "len आणि int काय आहेत?"

"len फंक्शन आहे, int क्लास."

"चूक. बिल्ट-इन फंक्शनच्या यादीत int आहे. पुस्तक उघडलंय कधी?"

"यादीत आहे सर, पन तो क्लासच आहे. लिहून दाखवू का तुमाले?"

"तुमाले?" तो हसला. "आधी नीट बोलायला शीक."

कॉम्प्युटर हाताच्या अंतरावर होता. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी हजेरीच्या कागदात डोकं घातलं.

परीक्षा संपल्यावर मी कॉलेजच्या फाटकाशी थांबून सरांना गाठलं. "सर, तुमी काहून नाही बोलले?"

"तो भायेरचा मानूस. चिडला असता तं साऱ्यायचे मार्क कापले असते."

"मंग माहे कापले तं चालते?"

"तू हुशार हायेस. तुले काय फरक पडते?"

परीक्षकावरचा माझा राग वर्षभरात विरला. त्याला येतच नव्हतं. सरांना येत होतं. तोंडी परीक्षेत मी जेमतेम पास झाले, आणि त्यांच्या तासाला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

आता मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. मागच्या वर्षी सरांचा फोन आला. "पोरीयले दोन शब्द सांगाले येशीन का? माही विद्यार्थिनी म्हनून अभिमान वाटते."

"येईन सर. पन त्या तोंडी परीक्षेचंही सांगीन. तुमच्यासमोर."

सर म्हणाले, "राहू दे मंग."

मी फोन ठेवला. त्यांना ती परीक्षा आठवत होती, एवढं मात्र मला कळलं, आणि त्याने राग कमी झाला नाही, वाढलाच.