नागोरावांचे तीन दसरे

आमच्या वारज्याच्या सोसायटीत नोकरी गेलेले चारदोन जण आहेत. पण काढून टाकल्यावरही कंपनीने वर्षातून एकदा पूजेला बोलवावं, हा मान फक्त नागोरावांचा.

नागोराव मूळचे वाशीमकडचे. एकवीस वर्षं एकाच कारखान्यात, लोखंड कातायच्या एकाच लेथवर टर्नर. २०१२ साली तिथे कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली आणि जागा करायला फोरमनने त्यांचा लेथ भिंतीला नेऊन टेकवला. नागोराव नको ते बोलले. चौकशी झाली आणि नऊ जुलैला गैरवर्तनाबद्दल बडतर्फ केल्याचं पत्र हातात पडलं.

"आता कोर्टात जा," मी म्हटलं.

"कायले जायचं भाऊ? साहेब म्हणले, दसऱ्यापर्यंत थांबा, बघू."

आणि खंडेनवमीला यंत्रपूजेसाठी खरंच फोन आला! नागोराव पांढरा शर्ट घालून गेले. लेथ पुसला, तेल दिलं, झेंडूची माळ घातली. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, चेहऱ्यावर बढती मिळाल्याचा आनंद. "साहेब म्हणले, याला तुमचाच हात लागला पाहिजे."

तेरा सालीही तेच, चौदा सालीही तेच. मधले अकरा महिने हे एका आयटी कंपनीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसायचे.

"काय नागोराव, आयटीत लागलात म्हणे!"

"काच लय आहे भाऊ तिथं. पण आवाज कशाचाच नाही. दिवसभर कान रिकामे."

त्यांच्या बायकोचं, इंदुबाईंचं, म्हणणं वेगळं. "माझी सवत लोखंडाची आहे. तिला दरवर्षी माळ. मला लग्नात घातली तेवढीच."

पंधरा सालच्या मे महिन्यात मी त्यांना अक्षरशः ओढत सरोजिनी वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी पत्र वाचलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत कामगार न्यायालयात अर्ज जावा लागतो. त्याआधी कामगार कार्यालयात समेटासाठी अर्ज, तिथे पंचेचाळीस दिवस. म्हणजे पंचवीस मेच्या आत हलायला हवं. इतके दिवस काय करत होतात?"

"पूजा," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

"पण मॅडम," नागोराव म्हणाले, "दर दसऱ्याला मले बोलावतात ना ते. मग तीन वर्षं मागच्या दसऱ्यापासून नाही का धरत?"

"पेढ्यांनी मुदत वाढत नाही, नागोराव. इथे सही करा."

त्यांनी पेन उचललं. "कंपनीला कळेल?"

"नोटीसच जाईल त्यांना."

"मग खंडेनवमीला गेट उघडतील?"

"मी त्यांच्या जागी असते, तर नसतं उघडलं."

नागोरावांनी सही न करताच अर्जाची घडी केली आणि तो खिशात घालून घरी आणला. रोज बाहेर काढायचे, पाहायचे, परत ठेवायचे. मी जिन्यात टोमणे मारून दमलो. शेवटी चोवीस तारखेला इंदुबाईंनीच तो त्यांच्यापुढे ठेवला.

"वर्षातला एक दिवस पाहिजे, का रोजचा?"

"रोजचा भेटंल याची खात्री कुठं आहे?"

"नाही. पण एक दिवसावर किती वर्षं काढाल?"

त्यांनी सही केली. समेट झालाच नाही; कंपनीने परत घ्यायला साफ नकार दिला. मुदत संपायला एक दिवस उरला असताना कोर्टात अर्ज दाखल झाला.

त्या वर्षी खंडेनवमीला फोन आला नाही. नागोराव सकाळी सातलाच आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बाल्कनीत बसले होते. दुपारी इंदुबाई म्हणाल्या, "शर्ट तरी बदला." ते संध्याकाळपर्यंत तसेच.

डिसेंबरच्या तारखेला मी सोबत गेलो होतो. कंपनीच्या वकिलाने पुढची तारीख मागून घेतली. बाहेर आल्यावर नागोरावांनी वकीलबाईंना हळूच विचारलं, "मॅडम, जज्जसाहेब कधी कारखाना पाहाले जातात का?"

"का हो?"

"लेथ कोणता ते दाखवाले माणूस लागंल ना त्यांना. मी येतो."

"जज्ज असे जात नाहीत, नागोराव."

"तरी एकदा विचारून तर बघा," नागोराव म्हणाले.