बुधवारवाल्यांच्या चेन्साचा शनिवार

सान जुझेप्प गल्लीत कुणाचं आडनाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. टोपणनाव विचारा, लगेच दार दाखवतील. माल्टात माणूस मरतो, घर विकलं जातं, पण घराण्याला एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. चेन्साच्या माहेरचं नाव 'बुधवारवाले'.

त्याला कारण तिचे आजोबा. गावात बँडचे क्लब दोन, लाल आणि निळा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं फक्त शिव्या देण्यापुरतं. आजोबा निळ्यांचं दारूकाम सांभाळायचे. सणाच्या शनिवारी संताची मूर्ती देवळाच्या दारात आली की घंटेच्या मनोऱ्यावरून पांढरा रुमाल हलवायचा आणि तो दिसताच आजोबांनी बार लावायचे, अशी ठरलेली रीत. त्या वर्षी देवळाच्या सेवकाने बुधवारीच मनोऱ्यावर जाऊन धुळीचं फडकं झटकलं. आजोबांनी दोनशे चाळीस बार एका दमात उडवले. मूर्ती आत कपाटात, पाद्री आंघोळीला, आणि आकाशात जयजयकार! शनिवारी उडवायला एक लवंगी उरली नाही. आजोबा दोन दिवस घरातल्या विहिरीच्या खोलीतून बाहेर आले नाहीत आणि चूक झाली हे मरेपर्यंत कबूल केलं नाही.

या गोष्टीला नव्वद वर्षं झाली. चेन्साचा भाऊ मेलबर्नला जाऊन स्थायिक झाला, तर तिथल्या मासळीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे तू बुधवारवाल्यांचा का रे?"

आम्ही सांगतोय त्या वर्षी चेन्सा त्रेसष्टची. पताका आणि मखमली पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं बेटावर कुणी नाही. लाल क्लबचं निशाणही तीच शिवते आणि निळ्यांचंही. दोन्हींचं अस्तर एकाच ताग्यातून कापलेलं असतं, पण हे आपल्यातच राहू द्या. तारखांच्या बाबतीत बाई इतकी काटेकोर की दाताच्या डॉक्टरकडेही आदल्या दिवशी जाऊन पाटी वाचून येते. बुधवारी तर ती सज्ज्यातसुद्धा उभी राहत नसे. म्हणायची, त्या दिवशी गुडघा दुखतो. बरोबर बुधवारीच दुखणारा गुडघा आम्ही दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

हे घराण्याचं नाव पुसायला तिने एक वाट धरली होती, आणि ती म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. माल्टात ही स्पर्धा म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याने मे महिन्यात इथे येऊन वांग्याचा भाव विचारावा. वांगीवाला आधी विचारील, "यंदाचं आपलं गाणं कसं वाटलं?" माल्टा आजवर एकदाही जिंकलेला नाही. दोनदा अगदी उंबरठ्यापर्यंत जाऊन परत आला. चेन्साकडे एकेक वर्षाची एकेक शाळकरी वही आहे, त्यात प्रत्येक देशाचं गाणं, कुणी कुणाला किती गुण दिले, कुणाच्या झग्याची शिवण कुठे उसवली होती, सगळं. फायनलच्या संध्याकाळी सगळी गल्ली खुर्च्या घेऊन तिच्या दारात बसते, भिंतीवर पडदा लावतात, आणि चेन्सा म्हणेल ती पूर्व. गल्लीतला कुणीही, अगदी तिचा दीर विस्तिनसुद्धा, त्या दिवशी तिला बुधवारवाली म्हणत नाही. वर्षातला तो एकच दिवस.

विस्तिन लाल क्लबच्या दारूकामाचा प्रमुख. जीभ आणि वात दोन्ही पेटती. त्या वर्षी फायनल स्टॉकहोमला होती, आणि विस्तिनची मुलगी मार्तीझ ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून काकूसाठी तिकीट मिळवू शकली. गल्लीत बातमी पसरायला पाच मिनिटं लागली. चेन्साने तिकीट चष्मा लावून तीनदा वाचलं. फायनल. शनिवार. दुपारी एक.

"काकू, दुपारी एक?" मार्तीझने विचारलं. "टीव्हीवर तर रात्री नऊला असते ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तिथे आधी होतं सगळं. मग काटछाट करून नऊला दाखवतात. इतका मोठा कार्यक्रम काय सरळ दाखवतील? कुणी पडलं, कुणी शिंकलं तर?"

"मी म्हणतच होतो!" विस्तिनने मांडीवर थाप मारली. "सगळं आधी ठरलेलं असतं. म्हणून तर आपल्याला देत नाहीत. वहिनी, एक काम करा. निकाल लागला की मला फोन. आपण त्यांच्याआधी बार उडवू."

"आणि हरलो तर?"

"तर तुम्ही इतक्या लांब गेलात कशाला, म्हणून उडवू."

गल्ली हसली. मार्तीझ गप्प बसली, कारण या विषयात काकूची चूक काढणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवणं. आणि चेन्साने मनात पक्कं केलं, की यंदा माल्टा जिंको न जिंको, पण स्टॉकहोमहून मानाने परत यायचं. बुधवारवाल्यांच्या घरातलं माणूस योग्य दिवशी, योग्य जागी हजर होतं, हे गावाने बघायला हवं.

त्या शनिवारी चेन्सा सकाळी दहालाच सभागृहाच्या दाराशी उभी. सणाला जागा धरायची सवय, ती स्वीडनला गेली म्हणून सुटते का? खांद्यावर तिने स्वतः शिवलेलं निशाण होतं, अर्धं पांढरं, अर्धं लाल, कोपऱ्यात हाताने भरलेला क्रॉस. भारी रेशमी कापड, चार किलो वजन. रांगेत तिच्या पुढे फिनलंडचा पेन्टी होता, निवृत्त बसचालक, डोक्यावर शिंगांची टोपी. इंग्रजीत दोघांचं जमलं. पेन्टी अर्ध्या तासात एक वाक्य बोलायचा आणि उरलेलं चेन्सा भरून काढायची.

आत गेल्यावर मात्र तीही गप्प झाली. आजवर भिंतीवरच्या पडद्यावर पाहिलेलं सगळं इथे अंगावर येत होतं. दिवे, ढोल, हजारो निशाणं, छतापर्यंत माणसं. प्रत्येक गाणं तिला पाठ होतं, म्हणून तिने प्रत्येक गाणं म्हटलं. आइसलँडचं आइसलँडच्या भाषेत म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या आइसलँडच्या दोन बायका उठून तिच्या पाया पडायच्याच बाकी होत्या. सतराव्या क्रमांकावर माल्टाची मुलगी आली. चेन्साने चार किलोचं निशाण तीन मिनिटं डोक्यावर धरलं. हात भरून आले, पण खाली आले नाहीत.

गाणी संपली आणि चेन्साला अडचण आली. सकाळपासून धरून ठेवलेलं. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग इतकी लांब, की ती परत आली तेव्हा निवेदिकेचं बोलणं केव्हाच संपलेलं होतं आणि पडद्यावर गुण सुरू झाले होते. वही मांडीवर घेईपर्यंत ऐकू आलं, "माल्टाला बारा!"

चेन्साची पेन्सिल मोडली.

पुढच्या देशाचे बारा माल्टाला. त्यापुढच्याचेही. शेजारी पेन्टी टाळ्या वाजवत होता, आइसलँडच्या बायका नाचत होत्या. आणि शेवटी मोठ्या पडद्यावर, पहिल्या ओळीत, माल्टा! वरून रंगीत कागद पडले, निवेदिकेने नाव पुकारलं, आणि चेन्सा चार किलोच्या निशाणात तोंड खुपसून रडली. मग तिने फोन लावला. घड्याळात बरोबर साडेचार.

"विस्तिन! जिंकलो!"

"काय?"

"जिंकलो रे! पहिले! माझ्या डोळ्यांनी बघतेय!"

मग विस्तिनची आरोळी, आणि मग असा आवाज की चेन्साने फोन कानापासून लांब धरला. जूनच्या सणासाठी शेतात रचून ठेवलेले बार गावावर फुटत होते.

ती हसत पेन्टीकडे वळली. "ऐकलंस? आमच्या गावात बार!"

पेन्टीने टोपी काढली. शिंगं मांडीवर ठेवली. "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? जिंकलो ना आम्ही!"

पेन्टीने आधी तिची वही हळूच मिटली. मग म्हणाला, "बाई, ही रंगीत तालीम आहे. दुपारचे गुण खोटे असतात, यंत्राची परीक्षा घ्यायला. निवेदिकेने सांगितलं होतं. खरी फायनल रात्री नऊला."

चेन्सा खाली बसली. डोळ्यांसमोर मनोरा आला, त्यावर धुळीचं फडकं. नव्वद वर्षांनी पुन्हा तेच, फक्त या वेळी फोनवरून.

"मी दरवर्षी दुपारीच येतो," पेन्टी तिला समजावत होता. "फिनलंड दुपारी दोनदा जिंकताना पाहिलंय. रात्री मला झोप येते."

चेन्साला ते ऐकू येत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की आता मेलबर्नच्या भावाच्या मुलांनाही लोक काय म्हणतील. आणि मग आजोबा दिसले, विहिरीच्या खोलीत दार लावून बसलेले. ती उठली, नाक पुसलं आणि पुन्हा फोन लावला.

फोनमधून बँड ऐकू येत होता. एक नाही, दोन.

"वहिनी!" विस्तिनचा आवाज बसला होता. "काय सांगू! बार ऐकून निळे बाहेर आले, आम्हीही बाहेर आलो, चौकात समोरासमोर! मी म्हटलं, आता डोकी फुटणार. तर त्यांचा म्हातारा झारेन माझ्या गळ्यात पडून रडायला लागला! दोन्ही बँड एकच धून वाजवतायत, वहिनी! घंटा ऐकू येतेय का? पाद्री स्वतः दोरी ओढतोय!"

"विस्तिन, तालीम होती रे."

"कसली?"

"दुपारची तालीम. गुण खोटे. खरं रात्री आहे."

फोनमधले बँड लांब गेले, विस्तिन कोपऱ्यात सरकला होता. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "कुणाला बोलू नका. मिरवणूक देवळापर्यंत जाऊ द्या. मी सांगतो फोन तुटला म्हणून."

"नाही. फोन चौकातल्या माइकसमोर धर."

"वहिनी, वेड लागलंय का? जन्मभर—"

"आमच्या आजोबांनी चूक कबूल केली नाही, म्हणून नव्वद वर्षं पुरलं ते नाव. धर म्हणते ना!"

बँड थांबले. चौकातल्या कर्ण्यातून चेन्साचा आवाज आला, थोडा घोगरा, पण स्पष्ट. "मी बुधवारवाल्यांची चेन्सा बोलतेय. आपण आत्ता जिंकलो ते तालमीत. खरी स्पर्धा रात्री नऊला आहे. चूक माझी. मार्तीझने विचारलं होतं, मीच तिला गप्प केलं. बारांचं जे काही असेल ते मी शिवून फेडीन. दोन्ही क्लबांच्या पताका, पुढची तीन वर्षं. बस, एवढंच."

मग म्हाताऱ्या झारेनने काठी आपटली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, निळ्यांचा अध्यक्ष, लहानपणी बुधवारचे बार कानाने ऐकलेल्यांच्या मांडीवर वाढलेला.

"चेन्सा, एक सांग. पडद्यावर माल्टा पहिला होता?"

"होता."

"नाव पुकारलं?"

"पुकारलं."

"कागद पडले?"

"माझ्या केसांत आहेत अजून."

"मग दुपारी आपण जिंकलो की नाही?"

चेन्साने सभागृहाकडे पाहिलं. लोक बाहेर पडत होते आणि जाता जाता तिच्या निशाणाला हात लावून अभिनंदन करत होते, सगळं माहीत असूनही. "दुपारी जिंकलो, झारेनकाका," ती म्हणाली. "रात्रीचं मला माहीत नाही."

"रात्रीचं रात्री बघू! मी अठ्ठ्याऐंशीचा आहे, रात्रीची वाट बघत बसू का? वाजवा रे!"

आणि मग जे वाजलं ते चेन्साने फोन कानाला लावून ऐकलं, पेन्टीने दुसऱ्या बाजूने कान लावून ऐकलं, आणि आइसलँडच्या बायकांनी पुन्हा नाचायला सुरुवात केली.

रात्रीच्या खऱ्या फायनलमध्ये माल्टा चौदावा आला. गल्लीत त्याची कुणी दखलही घेतली नाही. सगळ्यांचे पाय दुखत होते आणि मॅकरोनीची ताटं रिकामी झाली होती. विस्तिनने एवढंच म्हटलं, "दिवसातून दोनदा कोण जिंकतं?"

सोमवारी चेन्सा परतली ती टोमण्यांची तयारी करून. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली, कारण पुढे जायला जागाच नव्हती. एका सज्ज्यात लाल पताका, समोरच्यात निळी, आणि सज्ज्यांतून कात्रीने कापलेले कागद तिच्या डोक्यावर. त्या जूनच्या सणात लालांना बार निळ्यांनी दिले, अर्धे अर्धे वाटून. लोक म्हणतात हा चमत्कार संताचा. आता तुम्हीच ठरवा.

चेन्साने शब्द पाळला. तीन वर्षं पताका शिवल्या, एकाच ताग्यातून, आता उघडपणे. दरवर्षी फायनलच्या शनिवारी साडेचार वाजता दोन्ही क्लब चौकात एकत्र येतात, एक बार उडतो, माल्टा जिंकतो, सगळे मिठ्या मारतात, आणि मग नऊ वाजता स्पर्धा बघायला बसतात. मागच्या वर्षी पेन्टी आला होता, शिंगांसकट. दोन वाक्यं बोलला.

राहता राहिलं नाव. परवा, बुधवारी, सकाळी सातला पाववाला गल्लीत शिरला. चेन्सा सज्ज्यात उभी होती, गुडघा ठणठणीत. तिने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. नवीन पाववाला होता, त्याने विस्तिनला विचारलं, "ही टोपली कुणाची?"

विस्तिनने वर बघितलंही नाही.

"ती होय? जिंकलेल्यांची चेन्सा," तो म्हणाला. "दोन पाव टाक, आणि चांगले भाजलेले बघून टाक, नाहीतर माइकवरून सांगेल."