भोयर गुरुजींचा शनी

आकाश बघणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. तो वर बघत असतो, त्यामुळे खाली काय घडतं ते त्याच्या लक्षातच येत नाही. ते आमच्यासारख्यांनी बघून ठेवायचं. आमच्या चौकडीचे असे इतके किस्से साचलेत, की कोणी नुसतं "काल चांदणं छान पडलं होतं" म्हटलं तरी मी सुरू होतो. लोक आता माझ्यासमोर चांदण्याचं नावच काढत नाहीत!

चौकडी म्हणजे वर्ध्याच्या शाळेतले गणिताचे भोयर गुरुजी, जिनिंगमधले फिटर वामनराव, फोटो स्टुडिओवाला मनोहर आणि मी दिनू, कचेरीतला कारकून. पन्नास सालानंतरची गोष्ट. गावात दुर्बीण विकत मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी गुरुजींनी घेतली नसती. त्यांना स्वतः घासलेल्या आरशातून शनीचं कडं पाहायचं होतं. आणि घाई होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आरसा आधी होतो की डोळे आधी जातात, अशी शर्यत!

*

आरसा घासायचा म्हणजे अंगणात दगड भरलेला एक ड्रम. त्याच्यावर जाड काचेची चकती पक्की बसवलेली. तिच्यावर कुरुंदाची भुकटी, पाणी, आणि वर आरसा व्हायची दुसरी चकती. ती पुढे-मागे रेटत ड्रमभोवती फिरायचं. हजारो फेऱ्या. गुरुजी रोज सकाळी आंघोळ करून उघड्या अंगानं फिरायचे.

एक दिवस मी ड्रमला गुपचूप कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. बस, एवढंच केलं.

तिसऱ्या दिवशी नारळ आला. भाजीवाल्या सखूबाईनं टोपली उतरवून विचारलं, "गुरुजी, हे कोनतं दैवत व्हय जी?"

"शनी," गुरुजी म्हणाले. खोटं कशाला बोला!

आठवड्यात सहा नारळ जमले. गुरुजी म्हणाले, "दिन्या, हे तुह्यंच काम. ज्याचे त्याले वापस करून ये."

पाच परत केले. सहाव्याचा धनी सापडेना. शेवटी माई, म्हणजे गुरुजींच्या घरच्या, हळूच म्हणाल्या, "तो राहू दे रे बाप्पा. तो माहा आहे. यायच्या डोळ्यासाठी."

*

आरसा बरोबर घासला गेला का, हे तपासायचं हत्यार म्हणजे दाढीचं ब्लेड. अंधाऱ्या खोलीत छिद्र पाडलेल्या डब्यात दिवा ठेवायचा. त्याचा उजेड आरशावरून परत येतो, तिथे ब्लेड आडवं धरून डोळा लावायचा. आरशावर सावली दिसते. उंचवटा कुठे राहिला ते तिच्यावरून कळतं.

गुरुजींना आता ती सावली दिसत नव्हती. त्यामुळे डोळा माझा, अक्कल त्यांची.

"कशी दिसून राह्यली?"

"भाकरीवानी, गुरुजी."

"नीट सांग. मधात फुगलेली का काठाले उचललेली?"

"मधात फुगलेली."

"करपलेली कोणत्या अंगानं?"

"डाव्या."

असं तासभर चाललं. शेवटी माईंनी ताट आणून माझ्यापुढे आदळलं. "पोरगं कवाचं भाकर भाकर करून राह्यलं! काऊन तरसावता त्याले? आधी जेवू घाला!"

*

आरशाला चांदी चढली. वामनरावांनी पत्र्याची नळी वळली आणि बैलगाडीच्या आखावर बसवली. आत धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला पोपट छापलेलं बिस्किटाच्या डब्याचं झाकण. पहिला मान चंद्राचा. मनोहरनं कॅमेरा जोडला आणि सवयीनं ओरडला, "हलू नका!"

चंद्र हललाच. कॅमेऱ्यातली चौथी काच बरी निघाली.

दोन दिवसांनी मनोहर फोटो घेऊन आला. गुरुजींनी तो नाकाशी धरला, उन्हात नेला, तिरपा केला. मग मटकन खाली बसले.

"दिनू, मले एकबी खड्डा दिसत नाई रे. नुसतं पांढरं ताट दिसते."

माई पदर तोंडाशी लावून आत गेल्या. वामनराव गुरुजींच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मी फोटो हातात घेतला. मलाही पांढरं ताट!

"मन्या, खड्डे कुठं गेले?"

"कसे दिसतीन?" मनोहर छाती फुगवून म्हणाला. "दोन दिवस ब्रश घेऊन बसलो. एकूणएक बुजवले!"

लग्नाच्या पोरींचे फोटो काढणारा माणूस. चेहऱ्यावर देवीचे वण दिसले, की त्याचा हात राहतच नसे.

गुरुजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आता चंद्राचं लगन जमलं समज!"

*

शेवटी ऑपरेशन झालं. त्या काळी डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि हलायचं नाही. मी भेटायला गेलो तर वॉर्डात सहा म्हातारे, सहाही पट्टी बांधलेले, आणि सहांचीही बोटं छताकडे! गुरुजी शिकवत होते.

"हे सप्तर्षी. समोरच्या दोघातून रेघ ओढा. तिथं ध्रुव."

कोपऱ्यातला शेतकरी म्हणाला, "आमच्या वावरातून तो पहिले बांधावर दिसे. आता जरासा डाव्या अंगाले राह्यते जी."

"मंग भावानं बांध सरकवला असन," गुरुजी म्हणाले. "ध्रुव नाई सरकत."

बाहेर डॉक्टर मला म्हणाले, "एक डोळा गेल्यात जमा. दुसऱ्याचं पट्टी सुटल्यावरच कळेल."

*

पट्टी सुटली. जाडजूड चष्मा आला. आणि गुरुजींचा निरोप आला, "आज दिवेलागण झाली का शनी लावून ठेवजा." डोळा काम देतो की नाही, हे त्यांनी माईंनाही सांगितलं नव्हतं.

आम्ही शाळेच्या मैदानात नळीवरूनच नेम धरून दुर्बीण लावली; डोळा लावायचा पहिला मान गुरुजींचा. शनी फाटकाच्या बाजूला, जरा खालीच होता. म्हणून नळीचं तोंड फाटकाकडे, आणि आम्ही तिघं मागे.

गुरुजी फाटकातून आले. पुढे कंदील घेऊन माई, त्यांच्या खांद्यावर गुरुजींचा हात. नळीसमोर जरा थांबले. मग वळसा घालून बाजूला आले आणि डोळा लावला.

वामनरावांनी माझं मनगट इतकं दाबलं, की बोटं बधिर झाली.

"वा!" गुरुजी म्हणाले. "काय कडं आहे! गोळ्याले शिवत नाई, अन् त्याले सोडतबी नाई. मधात काळी रेघ. बाजूले बारीकसा चंद्र."

वामनराव तिथेच डोळे पुसायला लागले.

"ये दिनू, पाह."

मी डोळा लावला. काळोख! काळाकुट्ट! हळूच हात लांब करून नळीचं तोंड चाचपलं. बिस्किटाच्या डब्याचं झाकण जागच्या जागी. काढायचं काम माझंच. धास्तीत राहूनच गेलं होतं.

मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. आणि म्हणालो, "वा गुरुजी! काय कडं आहे!"

वामनराव वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. "हाव गुरुजी. काळी रेघबी आहे."

मनोहर वाकला. "चंद्र तर किती साफ दिसते!"

माईंनी जन्मात पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला. "अगंबाई! केवढा उजेड हो!"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला.

"सगळ्यायले दिसला?"

"दिसला!"

"मंग दिन्या, आता ते झाकण काढ. त्याच्यावरच्या पोपटाचा डोळा मले फाटकातूनच दिसून राह्यलता."